गृहीतांचा हिशेब मागणारा गणिती : एडवर्ड आर्थर मिल्न

ताऱ्याचे जे काही दर्शन मनुष्याला घडते ते त्याच्या बाह्य आवरणातील एका अत्यंत पातळ थराचे असते. त्या थराखाली लक्षावधी किलोमीटर खोलीपर्यंत जे द्रव्य कोंडलेले असते त्यातून निघालेला एकही प्रकाशकिरण सरळ आपल्यापर्यंत पोहोचत नाही, आणि म्हणून ताऱ्यांच्या अंतरंगाविषयी शास्त्रज्ञ जे जे सांगतात ते सारे अनुमानाच्या बळावरच सांगतात. अनुमान म्हटले की गृहीते आली; आणि गृहीते आली की ती कोणती, किती, व कोणाच्या जामिनावर स्वीकारली, असा रोखठोक सवाल करणारा कोणीतरी हवाच असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये हे काहीसे अप्रिय काम ज्यांनी अखंड चिकाटीने, आणि प्रसंगी स्वतःच्या लौकिकाला झळ लावून घेऊन केले, ते गणिती व खगोलभौतिकीविद म्हणजे एडवर्ड आर्थर मिल्न होत. त्यांचे समकालीन एडिंग्टन आणि जीन्स यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी रसाळ ग्रंथ लिहिल्यामुळे त्यांची नावे सर्वतोमुखी झाली. मिल्न यांची लेखणी मात्र प्रायः विद्वानांच्या नियतकालिकांतच रमली, आणि त्यामुळे ज्या कल्पना आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतात त्यांच्या जनकाचे नाव पुष्कळांच्या कानावरही आलेले नसते.

मिल्न यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९६ रोजी यॉर्कशरमधील हल या बंदराच्या शहरी झाला. वडील जवळच्याच हेसल गावी चर्चच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणजे घरी संपत्तीचा डामडौल नव्हता, परंतु विद्येची चाड होती. हलच्या हायमर्स कॉलेज या शाळेत शिक्षण झाल्यावर १९१४ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली, आणि ती अशा थाटाने की, त्या परीक्षेत त्यांना पडलेले गुण तोवरच्या कोणत्याही उमेदवाराच्या गुणांपेक्षा अधिक होते. त्याच वर्षी युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला. बरोबरीचे तरुण पलटणीत भरती होऊ लागले; मिल्न यांची दृष्टी अधू असल्यामुळे प्रत्यक्ष रणांगणाचा मार्ग त्यांना बंद होता. परंतु १९१६ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी युद्धसाहित्य खात्याच्या आश्रयाने विमानविरोधी तोफांच्या प्रयोगांसाठी गणितज्ञांचे एक पथक उभारले, त्यात मिल्न यांची निवड झाली, आणि केंब्रिजमधील तरुण गणिती राल्फ फौलर यांच्याशी त्यांचा आयुष्यभराचा स्नेह तेथेच जुळला.

हे काम वरवर पाहता ताऱ्यांपासून फार दूरचे होते. वस्तुतः मिल्न यांच्या पुढील साऱ्या कर्तृत्वाची तालीम याच आखाड्यात झाली. तोफखान्याच्या दप्तरी जे तक्ते होते ते जमिनीवरील लक्ष्यांसाठी तयार केलेले होते. आकाशात कित्येक किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानावर गोळा सोडायचा तर वर वर विरळ होत जाणारी हवा, तिचे बदलते तापमान आणि वाऱ्याचे निरनिराळ्या उंचीवरील निरनिराळे वेग हे सारे हिशेबात धरणे अवश्य होते. रात्रीच्या अंधारात विमानाचा माग कर्ण्यांसारख्या श्रवणयंत्रांनी घ्यावा लागे, आणि तेथे तर आणखी पंचाईत होती. कारण कानी पडणारा आवाज विमान आता जेथे आहे तेथून नव्हे, तर काही सेकंदांपूर्वी जेथे होते तेथून निघालेला असतो, आणि वाटेत तो वाऱ्यामुळे व तापमानातील फरकामुळे वळतही जातो. एकसारखी हवा आणि सरळ रेषेत येणारा आवाज, ही दोन्ही सोयीची गृहीते टाकून दिल्यावाचून गणित खरे उतरत नव्हते. या कामगिरीबद्दल सरकारने १९१८ मध्ये त्यांना 'एम. बी. ई.' हा किताब दिला. पण त्याहून मोलाची मिळकत ही की, ज्याच्या आत शिरता येत नाही अशा वायूच्या थरांतून काय कसे मार्गक्रमण करते, या प्रश्नाचे त्यांना कायमचे वेड लागले.

१९१९ मध्ये ते ट्रिनिटीचे फेलो झाले आणि १९२० मध्ये केंब्रिजच्या सौरभौतिकी वेधशाळेचे साहाय्यक संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पृथ्वीच्या वातावरणातून ध्वनी कसा जातो याचा छडा लावणारे मिल्न आता ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश कसा बाहेर पडतो याचा छडा लावू लागले. सूर्याचे बिंब मध्यभागी अधिक तेजस्वी आणि कडेला काहीसे मंद दिसते, हे दुर्बिणीने पाहणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक होते. याचे कारण असे की, बिंबाच्या मध्यावर आपली दृष्टी लंबरूपाने खोल, आणि म्हणून अधिक तप्त, थरापर्यंत पोहोचते. कडेला ती तिरपी शिरते आणि वरच्या, तुलनेने थंड थरातच अडते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्वार्ट्सशिल्ट यांनी १९०६ मध्ये या प्रश्नाची पायाभरणी केली होती. मिल्न यांनी १९२१ च्या सुमारास तिच्यावर गणिताची पक्की इमारत चढवली आणि कडेच्या या मंदपणावरून वातावरणात खोलीगणिक तापमान कसे वाढत जाते हे काढण्याची रीत सिद्ध केली. या विवेचनात जे समीकरण उद्भवले त्याच्याशी त्यांचे नाव कायमचे निगडित झाले; आणि गंमत अशी की, पुढे अणुभट्टीतील न्यूट्रॉनांच्या संचाराचे गणित मांडताना पदार्थविज्ञानवेत्त्यांना हाच 'मिल्न-प्रश्न' पुन्हा सोडवावा लागला.

याच सुमारास भारतातून आलेल्या एका विचाराने खगोलभौतिकीचे रूप पालटण्यास आरंभ झाला होता. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये असे दाखवले होते की, उष्णतेमुळे अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटून त्यांचे किती प्रमाणात आयनीभवन होईल हे तापमान व दाब यांवर अवलंबून असते, आणि ताऱ्यांच्या वर्णपटांत जी विविधता दिसते ती मुख्यतः तापमानातील भेदामुळे उत्पन्न होते. साहांची पद्धत वर्णपटातील एखादी रेषा जेथे प्रथम उमटते किंवा जेथे नाहीशी होते त्या टोकाच्या बिंदूचा आधार घेणारी होती. मिल्न आणि फौलर यांनी येथेच आपला नेहमीचा सवाल केला. रेषा नाहीशी होण्याचा क्षण हा ते मूलद्रव्य ताऱ्यात किती आहे यावर आणि आपले उपकरण किती सूक्ष्मग्राही आहे यावरही अवलंबून नाही काय? उलट, रेषा जेथे सर्वांत गडद होते तो बिंदू मूलद्रव्याच्या विपुलतेवर अवलंबून राहत नाही. हायड्रोजनच्या दृश्य रेषांचेच उदाहरण घेतले तर, तापमान कमी असताना त्या रेषा निर्माण करण्याजोगे उत्तेजित अणू थोडे असतात, तापमान फार वाढले की अणू फुटून जातात, आणि मध्ये, सुमारे १०,००० अंशांच्या आसपास, त्या रेषा शिखरास पोहोचतात. १९२३ व १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनातून असे निष्पन्न झाले की, ताऱ्यांच्या ज्या थरात या रेषा उत्पन्न होतात तेथील दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या दहा हजारांशाइतका क्षुद्र असतो. तोवर जो दाब मानला जात होता त्याच्या मानाने हे अनुमान क्रांतिकारक होते.

साहांच्या सूत्राचा असा जीर्णोद्धार झाला आणि त्याची फळे लगेच दिसू लागली. केंब्रिजला शिकणाऱ्या सेसिलिया पेन या विद्यार्थिनीला, ती अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत जाण्यास निघाली तेव्हा, तेथील वर्णपटांच्या अफाट संग्रहावर साहांचा सिद्धांत पडताळून पाहण्याचा सल्ला मिल्न यांनीच दिला. आणि तारे मुख्यत्वे हायड्रोजनचेच बनलेले असावेत असे सूचित करणारा १९२५ चा तिचा प्रख्यात प्रबंध त्या वाटेनेच जन्मास आला. खुद्द मिल्न या काळात प्रकाशाच्या दाबाचा विचार करीत होते. सूर्याच्या वर्णावरणातील कॅल्शियमचे अणू गुरुत्वाकर्षणाने खाली का कोसळत नाहीत, याचे उत्तर त्यांनी प्रारणाच्या रेट्यात शोधले. ते उत्तर पुढे टिकले नाही. परंतु त्यातूनच १९२६ मध्ये त्यांनी असा निष्कर्ष काढला की, विवक्षित परिस्थितीत प्रकाशाच्या धक्क्याने अणू सेकंदास सुमारे १,६०० किलोमीटर इतक्या प्रचंड वेगाने ताऱ्याबाहेर फेकले जाऊ शकतील. अत्यंत तप्त ताऱ्यांपासून वाहणाऱ्या द्रव्याच्या झोतांचे आजचे स्पष्टीकरण याच तत्त्वावर उभे आहे.

हे सारे काम ज्या देहाने केले तो देह मात्र फारसा धडधाकट नव्हता. १९२३ मध्ये त्या काळी युरोपभर थैमान घालणाऱ्या निद्रारोगसदृश मेंदूज्वराने त्यांना गाठले. ते वाचले, परंतु त्या व्याधीने आत पेरलेले विष पुढे उत्तरवयात कंपवाताच्या रूपाने उगवले. १९२५ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात उपयोजित गणिताचे प्राध्यापक, १९२६ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, आणि १९२८ मध्ये ऑक्सफर्ड येथे नव्यानेच निर्माण झालेल्या राउझ बॉल अध्यासनाचे पहिले गणिताचे प्राध्यापक, अशा पायऱ्या त्यांनी झपाट्याने चढल्या, आणि वॅडम कॉलेज हा त्यांचा अखेरपर्यंतचा मुक्काम झाला. उपयोजित गणिताच्या बाबतीत केंब्रिजच्या मानाने ऑक्सफर्ड तेव्हा ओसाड मुलुख समजला जाई; तेथे मिल्न यांनी टी. जी. काउलिंग यांच्यासारखे शिष्य तयार करून एक संप्रदायच उभा केला.

ऑक्सफर्डला स्थिरावताच त्यांनी ताऱ्याच्या त्वचेखाली शिरण्याचे धाडस केले, आणि तेथे त्यांची गाठ आर्थर एडिंग्टन यांच्याशी पडली. १९२६ च्या आपल्या महाग्रंथात एडिंग्टन यांनी असे प्रतिपादन केले होते की, तारा केंद्रापर्यंत आदर्श वायूचा बनलेला असतो, आणि त्याचे वस्तुमान व त्यातील द्रव्याची अपारदर्शकता एवढे कळले की त्याची तेजस्विता ठरते. ऊर्जा आत कशी निर्माण होते हे ठाऊक असण्याचे फारसे कारण नाही. मिल्न यांना हा युक्तिवाद म्हणजे निष्कर्ष आधी ठरवून मग पुरावा मांडण्याचा प्रकार वाटला. त्यांचे म्हणणे असे की, ताऱ्याची तेजस्विता म्हणजे त्यात दर क्षणी उत्पन्न होणारी ऊर्जा. ती उत्पत्ती किती असावी हे निसर्ग ठरवील, एडिंग्टन यांचे समीकरण नव्हे. आणि जर त्या दोहोंचा मेळ बसला नाही तर ताऱ्याच्या पोटात आदर्श वायूचे नियम न पाळणारा, अतिशय घट्ट व दाट गाभा असलाच पाहिजे. फौलर यांनी १९२६ मध्ये श्वेतबटू नावाच्या लहान व अतिघन ताऱ्यांतील अशा दडपलेल्या द्रव्याचे स्वरूप उलगडून दाखवले होते. मिल्न यांनी तसाच गाभा सर्वच ताऱ्यांत कल्पिला, आणि एखादा तारा एकाएकी या घट्ट अवस्थेत कोसळतो तेव्हाच आकाशात नवतारा झळकत असावा, अशी दूरदर्शी कल्पनाही पुढे मांडली.

१९२९ पासून पुढे पाच-सहा वर्षे लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये भरणाऱ्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभांतून एडिंग्टन, जीन्स आणि मिल्न यांच्यात जे वाग्युद्ध चालले ते त्या संस्थेच्या इतिहासात संस्मरणीय ठरले. काळाने त्याचा जो निवाडा केला तो मिल्न यांच्या विरुद्ध गेला. वायुरूप तारा आकुंचन किंवा प्रसरण पावून आपले केंद्रीय तापमान अशा बेताने जुळवून घेतो की, आतील ऊर्जेची उत्पत्ती बाहेर झिरपणाऱ्या ऊर्जेशी आपोआप बरोबर होते; आणि १९३८-३९ मध्ये हान्स बेटे यांनी ताऱ्यातील अणुकेंद्रीय प्रक्रियांचा उलगडा केल्यावर, सामान्य ताऱ्यांपुरते एडिंग्टन यांचे अनुमानच मूलतः खरे होते हे दिसून आले. तथापि एडिंग्टन यांनी जे गृहीत म्हणून घेतले होते ते का खरे ठरते, हे इतरांना सिद्ध करून दाखवावे लागले ते मिल्न यांच्या फिर्यादीमुळेच, हेही तितकेच सत्य आहे.

या वादाच्या ऐन भरात, ३१ जुलै १९३० रोजी, मुंबई बंदरातून निघालेल्या एका बोटीवर एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा मद्रासचा विद्यार्थी केंब्रिजला फौलर यांच्याकडे संशोधनासाठी निघाला होता. श्वेतबटू ताऱ्यांच्या गणितात सापेक्षतेचा नियम लावला की त्यांच्या वस्तुमानाला एक कमाल मर्यादा पडते, हे त्याला त्या प्रवासातच उमगले. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट धरली जाते. या शोधावर त्याने लिहिलेला निबंध फौलर यांनी मिल्न यांच्याकडे अभिप्रायार्थ पाठवला. तेथून उत्तेजन मिळाले नाही, आणि अखेर तो १९३१ मध्ये अमेरिकेत छापला गेला. मिल्न आणि चंद्रशेखर यांच्यात पुढे निकट स्नेह जडला, उभयतांत पत्रव्यवहार चालला. परंतु ११ जानेवारी १९३५ च्या सभेत एडिंग्टन यांनी चंद्रशेखरांच्या सिद्धांताची जाहीर टर उडवली तेव्हा मिल्न यांनी मित्राची पाठराखण केली नाही. याचे कारण उघड आहे. त्या मर्यादेपलीकडच्या वजनदार ताऱ्यांत घट्ट गाभा संभवतच नसेल, तर मिल्न यांचा सार्वत्रिक गाभ्याचा मनसुबा समूळ ढासळत होता. दुसऱ्यांच्या गृहीतांचा हिशेब मागणाऱ्या या पुरुषाने स्वतःच्या लाडक्या गृहीताचा हिशेब मात्र येथे तहकूब ठेवला. आणि ताऱ्यांवरील ज्या संशोधनात हे कामही मोडते त्यासाठी चंद्रशेखरांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला, हे पाहिल्यावर त्याची किंमत किती होती हे ध्यानात येते.

१९३२ पासून मिल्न यांचे मन ताऱ्यांवरून उठून समग्र विश्वाकडे वळले. दूरदूरच्या दीर्घिका आपल्यापासून अंतराच्या प्रमाणात अधिकाधिक वेगाने दूर जात आहेत, हे हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले होते, आणि आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेच्या अनुयायांनी त्याचा अर्थ अवकाशच प्रसरण पावत आहे असा लावला होता. मिल्न यांना ही भाषा मान्य नव्हती. अवकाशाला स्वतःचा आकार नसतो, ती भूमितिकाराने सोयीसाठी काढलेली चौकट असते. हलते ते द्रव्य. जत्रा फुटल्यावर एकाच मैदानातून एकाच वेळी निघालेल्या गाड्या आपापल्या ठरीव चालीने चालत राहिल्या तर काही प्रहरांनी सर्वांत वेगवान गाडी सर्वांत दूर गेलेली आढळेल, आणि अंतर व वेग यांचे प्रमाण आपोआप दिसू लागेल. त्यासाठी मैदान ताणले गेले असे मानण्याचे कारण नाही. विशिष्ट सापेक्षतेचे नियम लावून मिल्न यांनी या कल्पनेतून असे विश्व रचले की, त्यातील प्रत्येक निरीक्षकाला आपणच केंद्रस्थानी आहोत असा भास व्हावा, आणि सर्वांना दिसणारे विश्वाचे चित्र मात्र एकच असावे. सर्व निरीक्षकांच्या या समतेच्या दंडकाला त्यांनी विश्वस्थितिशास्त्रीय तत्त्व म्हटले, आणि ते नाव आजतागायत रूढ आहे.

या विचाराची साधनसामग्रीही विलक्षण साधी होती. प्रत्येक निरीक्षकाजवळ एक घड्याळ आणि प्रकाशाचा संकेत पाठवण्याची सोय, एवढ्यावर त्यांनी सारा डोलारा उभारला. संकेत गेल्यापासून परत येईपर्यंतच्या काळावरून अंतर ठरवण्याची त्यांची रीत म्हणजे पुढे रडारने व्यवहारात आणलेलीच रीत होय. १९३४ मध्ये विल्यम मॅक्रे यांच्या सहकार्याने त्यांनी असेही दाखवले की, सापेक्षतेच्या अवघड गणितातून निघणारी प्रसरणशील विश्वाची समीकरणे न्यूटनच्या जुन्या यामिकीतूनही निघू शकतात. विश्वस्थितिशास्त्र शिकवताना आजही पुष्कळ प्राध्यापक याच सोप्या पायरीवरून वर्गाला वर नेतात. अमेरिकेत रॉबर्टसन यांनी आणि इंग्लंडात वॉकर यांनी आज सर्वमान्य असलेली विश्वाची भूमिती निश्चित केली तीही निरीक्षकांच्या समतेचा हाच धागा पकडून. मिल्न यांनी याहीपुढे जाऊन काळाची दोन मापे कल्पिली. अणूंच्या घड्याळाने पाहिले तर विश्वाला मर्यादित वय आहे आणि ते प्रसरण पावत आहे; ग्रहांच्या भ्रमणाच्या घड्याळाने पाहिले तर ते स्थिर असून त्याचा भूतकाळ अनंत आहे. हबल यांच्या तत्कालीन आकड्यांवरून विश्वाचे वय जेमतेम दोन अब्ज वर्षे येत असल्याने जी अडचण उभी होती तिच्यावर ही तोड अनेकांना मोहक वाटली. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन त्यांपैकीच एक होत.

मोह सर्वांना पडला नाही. निसर्गाचे नियम प्रयोगाने शोधण्याऐवजी काही स्वयंसिद्ध तत्त्वांतून तर्काने निष्पन्न करण्याचा हा खटाटोप हर्बर्ट डिंगल यांना शास्त्राच्या मुळावर घाव घालणारा वाटला, आणि १९३७ मध्ये 'नेचर'मधील एका जहाल लेखात त्यांनी मिल्न, एडिंग्टन व डिरॅक या तिघांवर नव्या अॅरिस्टॉटलपंथाचा आरोप ठेवला. मिल्न निष्ठावंत ख्रिस्ती होते. ईश्वराने निर्मिलेले विश्व बुद्धीला पटणाऱ्या तत्त्वांवरच चाललेले असणार, ही त्यांची श्रद्धा होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. परंतु आक्षेपाचा मर्मभाग सिद्धांतातच होता. त्यांचे विश्वचित्र आइन्स्टाइन यांच्या समीकरणांशी ताडून पाहिले असता ते द्रव्यशून्य विश्वाचे चित्र ठरते. गुरुत्वाकर्षणाने प्रसरणाला लगाम बसतो ही गोष्टच त्यात गळून पडली होती.

संसारसुखाच्या बाबतीत दैव त्यांच्यावर उदार नव्हते. पहिली पत्नी १९३८ मध्ये बाळंतपणानंतर निवर्तली. १९४० मध्ये केलेला दुसरा विवाह अवघी पाच वर्षे टिकला, कारण १९४५ मध्ये तीही मृत्यू पावली. मातीच्या अभ्यासात पूर्व आफ्रिकेत नाव कमावलेला त्यांचा धाकटा भाऊ जेफ्री १९४२ मध्ये वारला. दुसऱ्या महायुद्धाची पाच वर्षे तोफखान्याच्या सरकारी मंडळाकडे पुन्हा गोळ्यांच्या गणितात गेली. तथापि मान्यता वेळोवेळी मिळत राहिली: १९३५ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक, १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे रॉयल पदक, १९४५ मध्ये अमेरिकेचे ब्रूस पदक, आणि १९४३ ते १९४५ या काळात जिच्या सभागृहात वाद घातले त्याच रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे अध्यक्षपद. तिच्याच अधिवेशनासाठी डब्लिन येथे गेले असता २१ सप्टेंबर १९५० रोजी हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. त्यांनी लिहिलेले जीन्स यांचे चरित्र आणि विश्वस्थितिशास्त्र व ईश्वर यांविषयीची व्याख्याने १९५२ मध्ये, म्हणजे मरणोत्तर, प्रसिद्ध झाली.

त्यांच्या तत्त्वाचा वंश मात्र खुंटला नाही. १९४८ मध्ये बोंडी आणि गोल्ड यांनी निरीक्षकांची समता स्थळाप्रमाणेच काळालाही लागू केली आणि स्थिरस्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला. हॉइल यांनी त्याला वेगळ्या वाटेने गणिती रूप दिले, आणि त्यांच्याच हाताखाली केंब्रिजला संशोधन करून कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांनी आपल्या कार्यास आरंभ केला. म्हणजे मराठी वाचकाला नारळीकरांच्या लेखनातून जी चर्चा परिचित झाली तिच्या पूर्वजांत मिल्न यांचेही स्थान आहे.

मिल्न यांच्या कार्याचा ताळेबंद मांडायचा तर तो असा मांडावा लागेल. ताऱ्याच्या पृष्ठभागाविषयी त्यांनी जे सांगितले त्यातील बहुतेक भाग टिकला, अंतरंगाविषयी जे सांगितले त्यातील बहुतेक भाग बाद झाला, आणि विश्वाविषयी जी इमारत त्यांनी बांधली ती पडली तरी तिच्या पायाचा दगड इतरांनी उचलून आपापल्या इमारतीत बसवला. या फरकाचे कारण बुद्धीच्या चढउतारात नाही. ताऱ्याच्या पृष्ठभागावर प्रत्येक अनुमानाला वर्णपटातील एखादी रेषा साक्षीला हजर होती. अंतरंगात आणि विश्वाच्या दूर कडेला साक्षीदारच नव्हता, आणि तेथे केवळ तर्काच्या शुद्धतेवर त्यांनी अवाजवी विश्वास टाकला. तरीही एडिंग्टन यांच्याशी झालेला वाद ते हरले म्हणून तो वाद झाला नसता तर बरे, असे कोणीही म्हणणार नाही. कारण तपासावाचून मान्य झालेले सत्य आणि तपासातून तावून निघालेले सत्य यांत जे अंतर असते ते ताऱ्यांच्या शास्त्रात ज्या थोड्या लोकांनी भरून काढले, त्यांत मिल्न यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.